चार आण्याचे खाते, बारा आण्याचा भुर्दंड

आमच्या चुलतभावाचे गावात पेंडीचे दुकान आहे. सरकी पेंड, गोळी पेंड, भुसा आणि मक्याचा भरडा एवढाच माल. गिऱ्हाईक म्हणजे गावातलेच दूधवाले. दर दहा दिवसांनी डेअरीचे बिल निघते, तेव्हा उधारी वसूल होते आणि दुकानाचा गाडा पुढे सरकतो. गेल्या साली ऐन दिवाळीच्या तोंडावर त्याने तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याला १८,६०० रुपयांचा चेक दिला. त्याच्या हिशेबाने खात्यावर १८,९०० रुपये होते. म्हणजे तीनशे रुपये वरच. तरीही चेक परत आला.

का आला? शाखेत जाऊन स्टेटमेंट काढले तेव्हा उलगडा झाला. खात्यावरची शिल्लक ठरलेल्या रकमेच्या खाली गेली म्हणून बँकेने ५०० रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९०, असे ५९० रुपये परस्पर कापले होते. राहिले १८,३१०. अवघे २९० रुपये कमी पडले आणि चेक वटला नाही. वर चेक परत गेल्याचे शुल्क म्हणून पुन्हा ५९० कापले गेले. मोबाइलवर संदेश आला होता म्हणे, पण तो इंग्रजीत होता. वाचतो कोण?

अकराशे ऐंशी रुपये गेले त्याचे एवढे काही नाही. व्यापारी म्हणाला, ‘अण्णा, राग मानू नका, पण इथून पुढं माल रोखीनं न्या.’ वीस वर्षांची पत २९० रुपयांत गेली. दिवाळीला दुकानात निम्माच माल भरला. दूधवाले दुसऱ्या दुकानी गेले, त्यातले काही अजून परत आलेले नाहीत.

आता यात बँकेला किती बोल लावायचा? २५ हजार रुपये सरासरी शिल्लक ठेवीन, अशा कागदावर सही भाऊनेच केली होती. ‘हे खातं घ्या, पुढं कर्जाला बरं पडतं,’ असे शाखेतला माणूस म्हणाला आणि यांनी मान डोलावली. खाते उघडायला एक पैसा पडला नाही, म्हणून घरी येऊन सांगितले की खाते फुकटात झाले! चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हा असा.

शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, आज गावात निव्वळ शेतीवर भागत नाही. कुणाची पिठाची गिरणी आहे, कुणाचे मिरची कांडप, कुणाची रोपवाटिका, कुणी शेळ्या-बोकडांचा व्यापार करतो, कुणाचा ट्रॅक्टर भाड्याने फिरतो. या प्रत्येकाला आज ना उद्या धंद्यासाठी बँकेत खाते काढावे लागते. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, चार जणांना विचारतो. खाते घेताना मात्र ओळखीचा माणूस दाखवील तिथे सही करतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, फुकट उघडून मिळते ते खाते स्वस्त, असे समजू नका. तुमच्या धंद्यात पैसा जसा येतो-जातो, त्याच्याशी ज्या खात्याचे दरपत्रक जुळते तेच खाते स्वस्त. आणि ते तुमचे तुम्हालाच ठरवावे लागेल, बँक ठरवून देणार नाही.

आधी मुळातला प्रश्न. चालू खाते, म्हणजे करंट अकाउंट, तुम्हाला लागते का? रिझर्व्ह बँकेचा नियम असा की दुकानाच्या, फर्मच्या नावाने बचत खाते उघडता येत नाही. मालक एकटा असो की भागीदारी असो, फर्मच्या नावावर चालू खातेच काढावे लागते. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, उलट शुल्के जास्त. म्हणून बरेच जण घरच्या बचत खात्यावरच धंदा चालवतात. क्यूआर कोडही त्यालाच जोडलेला. पीएम-किसानचे पैसे, पीक विमा, दुधाचे बिल आणि दुकानाचा गल्ला सगळे एकाच डबक्यात! वर्षाअखेर गिरणीने कमावले की गमावले, हे देवालाच ठाऊक.

यात आणखी एक धोका अलीकडे वाढला आहे. ऑनलाइन फसवणुकीतला पैसा फिरत फिरत एखाद्या दुकानदाराच्या खात्यात येतो. बिचाऱ्याने माल विकलेला असतो, त्याला काही पत्ता नसतो. पण पोलिसांकडून सूचना आली की बँक ती रक्कम, कधी कधी आख्खे खातेच रोखून धरते. घरखर्च, अनुदान आणि दुकान एकाच खात्यावर असेल तर सगळ्याचीच नाकेबंदी. ऐन पेरणीत असे झाले तर बियाणे कशाने आणणार?

तेव्हा धंदा अगदी लहान असेल, जोडधंदा म्हणून आपल्याच नावाने चालत असेल, चेक वगैरे लागत नसेल, तर आधी बँकेला विचारून निदान वेगळे दुसरे बचत खाते ठेवा. दुकानावर नावाची पाटी लागली, ठोक व्यापाऱ्याला चेक द्यावे लागले, कर्ज काढायचे ठरले, की चालू खात्याला पर्याय नाही. महिला बचत गटांची गोष्ट वेगळी. गट नोंदणीकृत असो वा नसो, त्याला बचत खाते उघडून देण्याची मुभा नियमातच आहे. कुणी गटाच्या ताईंना ‘चालू खातंच काढा’ म्हणून परत पाठवत असेल तर त्यांनी ही गोष्ट जरूर सांगावी.

चालू खाते काढले की जीएसटी लागतो, अशी एक भीती गावात पसरलेली आहे. ती खोटी आहे. जीएसटीची नोंदणी खात्यावर नव्हे, उलाढालीवर ठरते. आपल्या राज्यात मालाच्या व्यापाराला साधारणपणे वर्षाला ४० लाख आणि सेवेला २० लाख ही मर्यादा आहे. उलट बँकेतून व्यवहार करणाऱ्याचा आयकरात फायदाच होतो. अंदाजी नफा धरून विवरण भरणाऱ्या लहान व्यापाऱ्याला रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा दाखवावा लागतो, बँकेतून आलेल्या विक्रीवर मात्र ६ टक्केच.

आता खर्चाकडे वळू. चालू खात्याचा सगळ्यात मोठा खर्च दरपत्रकात लिहिलेलाच नसतो, तो म्हणजे अडकून पडलेला पैसा. २५ हजार शिल्लक ठेवायची म्हणजे तेवढे पैसे बिनव्याजी बँकेत पडून राहणार. आणि तोच दुकानदार माल भरायला गावातून दरमहा शेकडा दोन रुपयांनी पैसे उचलत असेल, तर २५ हजारांचे महिन्याला ५०० आणि वर्षाला ६,००० रुपये व्याज झाले. स्वतःचे पैसे बँकेत झोपलेले आणि दुसऱ्याच्या पैशाला व्याज भरतोय! याउलट पाच हजार शिल्लक मागणारे खाते महिन्याला शंभर रुपये जास्त शुल्क घेत असेल तरी वर्षाचे बाराशे होतात. पाच हजारांचे अडकलेले व्याज आणखी बाराशे. एकूण चोवीसशे. कुठले खाते स्वस्त? पण शाखेत ऐकायला पहिले खाते गोड लागते, कारण त्याला ‘सगळं फ्री’ म्हणतात.

दुसरी गोष्ट सरासरीची. किमान शिल्लक म्हणजे रोज तेवढी रक्कम हवीच असे नाही. बऱ्याच खात्यांना महिन्याची सरासरी बघतात, काहींना तिमाहीची. हे गणित सोपे आहे. सरासरी पाच हजार हवी असेल तर रोजच्या अखेरच्या शिलकीची महिन्याची बेरीज ५,००० गुणिले ३० म्हणजे दीड लाख व्हायला हवी. समजा उधारी वसूल होऊन ३० हजार आले आणि ते पाच दिवस खात्यावर राहिले. तीस हजार गुणिले पाच, झाले दीड लाख. बाकीचे पंचवीस दिवस खाते रिकामे राहिले तरी दंड नाही. तिमाहीची सरासरी असेल तर हंगामी धंद्याला आणखी बरे. एका महिन्यात पैसा आला की पुढचा-मागचा महिना झाकला जातो. रोपवाटिकावाल्याने, रसवंतीवाल्याने हे आवर्जून विचारावे. आमच्या भावाला हे आधी कुणी सांगितले असते, तर त्याने वसुलीचे पैसे आल्या आल्या काढले नसते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्टेट बँकेने २०२० मध्ये किमान शिलकीची अट काढून टाकली, ती बचत खात्यांची. नंतर आणखी काही सरकारी बँकांनी तसे केले, तेही बचत खात्यांपुरते. शिल्लक कमी पडल्यास आधी कळवून महिन्याची मुदत द्यावी, आणि केवळ या दंडामुळे खाते उणे होऊ देऊ नये, हा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१५ पासूनचा दंडकही बचत खात्यांनाच आहे. चालू खातेदाराने या भरवशावर राहू नये.

तिसरा खर्च रोखीचा. गावच्या धंद्यात रोख अजून संपलेली नाही. चालू खात्यावर महिन्याला ठरावीक रकमेपर्यंत रोख भरणा मोफत, त्यापुढे हजारामागे शुल्क, अशी पद्धत असते. दुसऱ्या शाखेत भरली तर मर्यादा वेगळी. काही ठिकाणी नोटा मोजण्याचेही पैसे लावतात. बोकडांचा व्यापारी एका बाजारात लाखभर रुपये रोख आणतो, त्याला हे शुल्क कंबर मोडणारे ठरू शकते. पिठाच्या गिरणीवाल्याची रोख थोडी आणि सुटी. त्याने हे विचारावे की गावातल्या बँक मित्राकडे चालू खात्याचा भरणा होतो का. नाहीतर हजार रुपये भरायला दोनशे रुपयांचे पेट्रोल आणि अर्ध्या दिवसाचा खाडा. हा खाडासुद्धा खात्याचाच खर्च आहे, तो आपण धरत नाही एवढेच.

चौथा खर्च चेक आणि पैसे पाठवण्याचा. चेकबुकाची किती पाने मोफत, पुढे पानाला किती, चेक परत गेला तर किती, हे विचारा. २०२० पासून बचत खात्यावरून ऑनलाइन एनईएफटीला शुल्क नाही, पण चालू खात्याला बँक ते लावू शकते. चेकच्या बाबतीत एक सावधगिरी. चेक न वटणे हा कायद्याने गुन्हा आहे. समोरच्याने मुदतीत नोटीस पाठवली तर ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर कोर्टाची पायरी. म्हणून चेक देताना खात्यातले शेवटचे दोन हजार आपले नाहीतच असे समजून चाला.

पाचवा खर्च क्यूआर कोडचा. बँक खात्यातून यूपीआयने येणाऱ्या पैशावर दुकानदाराला कमिशन द्यावे लागत नाही, जानेवारी २०२० पासून ते शून्य आहे. क्रेडिट कार्ड जोडून केलेल्या पेमेंटची गोष्ट निराळी. पण ‘पैसे आले’ म्हणून बोलणारा डबा मिळतो ना, त्याला महिन्याचे भाडे असते. महिना शंभर धरले तरी वर्षाचे बाराशे. गर्दीच्या दुकानाला तो उपयोगी आहे, खोटा स्क्रीन दाखवून फसवणारे कमी नाहीत. पण दिवसाला पाच-सात गिऱ्हाईके येणाऱ्या गिरणीला मोबाइलवरचा संदेश पुरतो. धंदा बंद केला तर डबा परत करून लेखी पावती घ्या, नाहीतर भाडे कापले जातच राहते.

हे सगळे वाचून तुम्ही म्हणाल, एवढे लक्षात कसे ठेवायचे? ठेवू नका, लिहा. खाते काढण्याआधी एक महिना साधी वही घाला. रोख किती आली, किती वेळा भरावी लागली, चेक किती दिले, ऑनलाइन किती आले, महिन्यात सगळ्यात कमी शिल्लक किती होती. ही वही घेऊन दोन-तीन बँकांत जा आणि सेवाशुल्काचे छापील दरपत्रक मागा. ते दाखवणे बँकेचे काम आहे, उपकार नव्हे. दरपत्रकाशेजारी वही ठेवून वर्षाचा आकडा काढा. शाळेतल्या पोराला सांगितले तरी अर्ध्या तासात काढून देईल.

बँक कोणती? राष्ट्रीयीकृत बँक आहे. ग्रामीण बँक आहे, १ मे २०२५ पासून आपल्या राज्यात दोन्ही ग्रामीण बँका मिळून एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आहे. जिल्हा बँक, नागरी सहकारी बँक आणि खासगी बँका आहेत. पोस्टाची पेमेंट्स बँक पोस्टमनच्या हाताने दारात येते. मात्र कोणत्याही पेमेंट्स बँकेत दिवसअखेर दोन लाखांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत आणि ती स्वतः कर्ज देत नाही, हे ध्यानात असू द्या. ज्याला पुढे मुद्रा कर्ज घ्यायचे आहे, त्याने जिथून कर्ज मिळू शकेल तिथेच उलाढाल दाखवावी. कर्ज देताना मॅनेजर आधी खात्याचा उतारा बघतो. पण म्हणून कर्जाच्या आशेने महागडे खाते गळ्यात घालून घेऊ नका. साध्या खात्याचा उताराही उताराच असतो.

आणि स्वस्ताईच्या नादात सुरक्षितता विसरू नका. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. ज्यांचे धंद्याचे चालू खाते तिथे होते त्यांनी मजुरी कशी दिली असेल? बँकेतील ठेवीला, चालू खात्यालासुद्धा, फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेला मात्र हा विमा नाही. पतसंस्था दारात आहे, माणसे ओळखीची आहेत, शुल्क नाही, सगळे खरे. रोजच्या सोयीपुरते तिथे ठेवा, पण धंद्याचे सगळे भांडवल ठेवू नका.

कागदपत्रांची धास्ती बाळगू नका. एकट्या मालकाच्या दुकानाला स्वतःचे आधार, पॅन आणि धंद्याचे दोन पुरावे मागतात. उद्यम नोंदणी, गुमास्ता दाखला किंवा सूचनेची पावती, आयकराचे विवरण, दुकानाच्या नावाचे वीजबिल यातले काहीही चालते. दोन पुरावे देणे शक्य नसेल, तर जागेवर येऊन खात्री करून एका पुराव्यावर खाते उघडण्याची मोकळीक बँकेला आहे. उद्यम नोंदणी आधारवरून पूर्ण मोफत होते. तिचे कुणी पाचशे-हजार मागत असेल तर तो तुमच्या अज्ञानाची फी घेतोय.

शेवटी दोन शब्द गावकारभाऱ्यांना. सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब, सोसायटीचे सचिव आणि उमेदच्या ताई, लोक बँकेत जाण्याआधी तुम्हालाच विचारतात. धंदा सुरू करा म्हणून आपण शिबिरे घेतो, योजनांचे फलक लावतो, फोटो काढतो. पण धंद्याचा पैसा ज्या खात्यातून जाणार त्या खात्याचा खर्च कुणी सांगत नाही. माझी मागणी साधी आहे. वर्षातल्या एका तरी ग्रामसभेला जवळच्या शाखेच्या मॅनेजरला बोलवा. चालू खात्याचे दरपत्रक मराठीत मागा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर डकवा. शाखा दाद देत नसेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला पत्र लिहा. तालुक्याच्या बँकर्स समितीच्या बैठकीत हा विषय घ्यायला लावा. ग्राहकानेही चुकीची कपात दिसली तर आधी शाखेत लेखी तक्रार द्यावी, पोहोच घ्यावी. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला फी नाही.

आमच्या भावाने आता पाच हजार शिलकीचे साधे खाते काढले आहे. जुने खाते मात्र त्याने नुसते सोडून दिले नव्हते. बाकी भागवून, उरलेली चेकची पाने परत देऊन, खाते बंद केल्याचा कागद घेऊनच तो घरी आला. तुम्हीही तसेच करा. सोडून दिलेले चालू खाते मोकाट जनावरासारखे असते, कधी कुणाच्या रानात शिरून भुर्दंड आणील सांगता येत नाही. ठोक व्यापाऱ्याने परवा त्याला पहिल्यांदा पुन्हा पाच पोती उधार दिली. पाचच पोती. पूर्वी पन्नास मिळायची. तुटलेली पत अशी मुठीमुठीने परत भरावी लागते. त्यापेक्षा सही करण्याआधी अर्धा तास दरपत्रक वाचलेले काय वाईट?